जुन्या गाडीला मार बसला : क्लेम टाकायचा की मेस्त्रीकडं लावायची?

गाडी ठोकली की पहिल्या पाच मिनिटांत दोन सल्ले फुकट मिळतात. एकजण म्हणतो, "फुल इन्शुरन्स आहे ना दाजी, मग खिशातून कशाला घालता? टाका क्लेम." दुसरा म्हणतो, "क्लेमच्या नादी लागू नका, बोनस जातो. आपला मेस्त्री दोन दिवसांत करून देतो." दोघांनीही तुमची पॉलिसी पाहिलेली नसते आणि बिलाचा अंदाजही काढलेला नसतो. गाडी नवी असेल तर पहिल्याचं बहुतेक वेळा बरोबर निघतं. गाडीला आठ-दहा वर्षं झाली की हिशोब फिरतो. तो कागदावर कसा मांडायचा ते इथं सांगतो. सेकंडहँड गाडी नुकतीच घेतलेल्या, आयुष्यात एकदाही क्लेम न टाकलेल्या माणसासाठी हे लिहिलं आहे.

आपल्याकडं गाडीला मार बसायची कारणंही ठरलेली आहेत. ऊस गाळपाच्या दिवसांत अंधारात बिनलाईटची दुहेरी ट्रॉली, बीड-धाराशिव पट्ट्यात रात्री आडवा येणारा रोही किंवा रानडुक्कर, फेब्रुवारी-मार्चातली गारपीट, आणि परतीच्या पावसात ओढ्याचं अंगणापर्यंत आलेलं पाणी. प्रत्येकात विम्याचं उत्तर वेगळं येतं.

ठोकल्यावर लगेच काय करायचं

निर्णय नंतर घ्या, पुरावा आत्ता गोळा करा. नंबरप्लेट दिसेल असा पूर्ण गाडीचा फोटो, मग जवळून मार लागलेल्या जागेचे, मग रस्त्याचे आणि समोरच्या वाहनाचे. एक सलग व्हिडिओ काढला तर उत्तम. कुणाला लागलं असेल तर गाडी बाजूला राहू द्या, आधी ११२ लावा, आणि त्या प्रकरणात रस्त्यावर मिटवामिटवी करू नका. पोलिसात नोंद झालीच पाहिजे.

फक्त पत्रा वाकला असेल तर समोरचा बहुतेक वेळा "हे घ्या तीन हजार, विषय संपवा" म्हणतो. पैसे घेतलेत तर विषय खरंच संपवा. त्याच्याकडून रोख घेऊन, तडजोड लिहून देऊन, वर आपल्या कंपनीकडंही पूर्ण क्लेम मागायचा हा मार्ग चालत नाही.

एंजिनाखालून तेल किंवा पाणी गळत असेल तर गाडी चालवत आणू नका. तापमानाचा काटा वर गेला तरी "जवळच आहे, नेऊ हळूहळू" म्हणून रेडिएटर फुटलेली गाडी पंचवीस किलोमीटर चालवली, की धडकेचं नुकसान वीस हजारांचं आणि एंजिनाचं साठ हजारांचं होतं. त्यातलं दुसरं कंपनी देत नाही. तो भाग तुमच्या हलगर्जीपणात धरतात.

आणि कंपनीकडून नुकसानीची पाहणी, म्हणजे सर्व्हे, होईपर्यंत काहीही उघडू नका, बदलू नका. क्लेम टाकायचा की नाही हे ठरलं नसलं तरीसुद्धा. बंपर काढून मेस्त्रीनं मागच्या शेडमध्ये टाकला की सर्व्हेअरला दाखवायला काही उरत नाही.

पॉलिसी उघडा, दोनच मिनिटं लागतात

खूप जणांना "विमा आहे" एवढंच माहीत असतं. जुन्या गाडीवर बऱ्याचदा फक्त थर्ड पार्टी असतो, कारण कायद्यानं तेवढाच सक्तीचा आहे आणि तो स्वस्त पडतो. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळं दुसऱ्याचं जे नुकसान झालं त्याची भरपाई. तुमच्या स्वतःच्या गाडीला त्यातून रुपया मिळत नाही. पॉलिसीच्या कागदावर प्रीमियमचे दोन रकाने असतात : 'ओन डॅमेज' (स्वतःच्या गाडीचं नुकसान) आणि 'लायबिलिटी' (थर्ड पार्टी). ओन डॅमेजच्या रकान्यात शून्य असेल किंवा तो रकानाच नसेल, तर निर्णय झाला. थेट मेस्त्रीच्या भागाकडं जा.

आकडा असेल तर अजून चार गोष्टी बघून घ्या. पहिली, आयडीव्ही, म्हणजे कंपनीनं धरलेली गाडीची किंमत. पाच वर्षांपर्यंत ती ठराविक टक्क्यांनी उतरते, त्यानंतर कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायची असते. प्रत्यक्षात प्रीमियम कमी दिसावा म्हणून एजंट ती खाली धरतो आणि आपण सही करतो. दुसरी, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, किती टक्के लिहिला आहे. तिसरी, झीरो डेप, म्हणजे बदललेल्या पार्टवर घसारा न कापणारं जादा कव्हर, आहे का. बहुतेक कंपन्या हे कव्हर पाच-सात वर्षांनंतर देत नाहीत, त्यामुळं जुन्या गाडीत ते नाही असंच धरून चाला. चौथी, पॉलिसी कुणाच्या नावावर आहे.

ही चौथी गोष्ट सेकंडहँडवाल्यांना हमखास नडते. गाडी घेतली, आरसी नावावर झाली, पण पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर राहिली. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी बदलून घ्यायची असते. थर्ड पार्टीचा भाग कायद्यानं आपोआप तुमच्याकडं येतो, ओन डॅमेजचा येत नाही. नाव बदललेलं नसेल तर ठोकल्यावर क्लेम टाकून उपयोग नाही. आज नाव बदलून घ्या म्हणजे पुढचा तरी मिळेल.

गाडी कोण चालवत होतं हेही आत्ताच स्वतःला विचारा. लायसन्स नसलेला मेव्हणा चालवत होता, किंवा लायसन्सची मुदत संपली होती, तर क्लेम गेला. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला किंवा शाळेच्या पोरांना भाड्यानं लावली होती, तरी गेला. सीएनजी किट बसवलं आणि आरसीवर व पॉलिसीत चढवलं नाही, तर भांडण नक्की. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची आरसी रिन्यू केलेली नसेल तरी तेच. "आपण चालवणारा बदलून सांगू" असं कुणी सुचवलं तर त्याचं ऐकू नका. टोलचे कॅमेरे, फोनचं लोकेशन, दवाखान्याचे कागद यांत ते उघडं पडतं, आणि मग मिळणारं तेही जातं.

कंपनी खरंच किती देणार

बिल २० हजारांचं म्हणजे कंपनी २० हजार देणार असा समज असतो. झीरो डेप नसलेल्या जुन्या गाडीत तसं होत नाही. नवा पार्ट बसला की कंपनी म्हणते, जुन्याच्या जागी नवा मिळाला, तेव्हा घसारा तुम्ही भरा.

घसाऱ्याचा तक्ता ठरलेला आहे. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के कापतात, गाडी कितीही नवी असो. फायबरच्या भागांवर ३० टक्के. काचेवर काहीच नाही. पत्र्याच्या आणि बाकी धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार : पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहाच्या वर ५० टक्के. रंगाच्या बिलातला पाव हिस्सा मालाचा धरतात आणि त्याचे निम्मे कापतात. मजुरी पूर्ण मिळते. या सगळ्यानंतर प्रत्येक क्लेममागं सक्तीची कपात : १५०० सीसीपर्यंत १००० रुपये, त्यावर २००० रुपये. प्रीमियम कमी व्हावा म्हणून तुम्ही ऐच्छिक कपात घेतली असेल तर तीही.

एक उदाहरण धरू. नऊ वर्षांची, १२०० सीसीची छोटी गाडी, आयडीव्ही २ लाख ४० हजार. ट्रॉलीला डावी बाजू घासली. शोरूमचं एस्टिमेट असं आलं :

पुढचा बंपर ४५०० (कंपनी देणार २२५०)
हेडलाईट ५००० (प्लास्टिकमध्ये धरतात, देणार २५००)
फेंडरचा पत्रा ३५०० (देणार २१००)
मजुरी ४००० (देणार ४०००)
रंग ६००० (देणार ५२५०)

एकूण बिल २३,०००. कंपनीच्या वाट्याला १६,१००, त्यातून सक्तीची कपात १००० वजा, म्हणजे १५,१००. तुमच्या खिशातून ७९००. किमती गाडीप्रमाणं बदलतील, पण पद्धत हीच. क्लिपा, नट-बोल्ट, ऑइल, कूलंट असल्या 'कंझ्युमेबल'चे पैसे वेगळं कव्हर नसेल तर बहुतेक तुमच्याच अंगावर पडतात, ते यात धरलेले नाहीत.

इथंच थांबून लोक म्हणतात, पंधरा हजार मिळतात की, टाका. अजून एक रक्कम मोजायची राहिली आहे.

बोनस किती रुपयांचा?

एकही क्लेम न घेता वर्ष गेलं की पुढच्या नूतनीकरणाला ओन डॅमेजच्या प्रीमियमवर २० टक्के सूट मिळते. दुसऱ्या वर्षी २५, मग ३५, ४५ आणि पाचव्या वर्षापासून ५० टक्के. एक क्लेम घेतला की सूट शून्यावर येते आणि चढण पुन्हा पहिल्यापासून. ही सूट फक्त ओन डॅमेजवर असते, थर्ड पार्टीच्या रकमेवर नाही. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो क्लेममुळं बदलत नाही.

बोनसचा तोटा फक्त पुढच्या एका वर्षाचा नसतो, हे एजंटही सहसा सांगत नाही. तुम्ही ५० टक्क्यांवर आहात असं धरा. क्लेम घेतला तर पुढच्या वर्षी शून्य, म्हणजे ५० टक्क्यांचा तोटा. त्यापुढच्या वर्षी २० मिळणार जिथं ५० मिळाले असते, तोटा ३०. मग २५, मग १५, मग ५. बेरीज १२५ टक्के. बोनस धरण्याआधीचा तुमचा वर्षाचा ओन डॅमेज प्रीमियम जेवढा, त्याच्या सव्वापट रक्कम पाच वर्षांत तुम्ही भरणार. वर १८ टक्के जीएसटी.

आपल्या उदाहरणात तो प्रीमियम ७००० धरला तर सव्वापट ८७५०, आणि जीएसटी धरून १०,३२५ रुपये. गाडीची आयडीव्ही दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल. उलट काही कंपन्या क्लेमनंतर आपली स्वतःची सवलतही आखडती घेतात. दोन्ही एकमेकांत गेले असं समजा.

आता नव्यानं गाडी घेतलेल्यांसाठी महत्त्वाचं. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या मालकाचे ५० टक्के तुमच्याकडं येत नाहीत. पॉलिसी नावावर करताना तो फरक कंपनी तुमच्याकडून भरून घेते. म्हणजे घेतल्यावर पहिल्या वर्षी तुमचा बोनस शून्यच असतो, आणि शून्यावरच्या माणसाचा क्लेममुळं होणारा तोटा कमी असतो : २०, ५, १०, १०, ५, मिळून ५० टक्के. सात हजारांवर साडेतीन हजार, जीएसटीसह ४१३०. तीच गाडी, तोच मार. पण तुमचा आणि शेजारच्या काकांचा निर्णय वेगळा येऊ शकतो.

(तुमचा बोनस आधीपासून असेल आणि तुम्ही गाडी विकून दुसरी घेतली, तर कंपनीकडून बोनसचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं. पॉलिसी संपून ९० दिवस गेले की मात्र बोनस गेलाच.)

आता तीन आकडे शेजारी मांडा

क्लेम घेतला तर एकूण खर्च : खिशातले ७९०० आणि बोनसचे १०,३२५, म्हणजे १८,२२५.

शोरूममध्येच स्वतःच्या पैशानं केलं तर : २३,०००.

मेस्त्रीकडं केलं तर : बंपर जुना चांगला मिळाला किंवा आहे तोच गरम करून सरळ झाला, हेडलाईट बाजारातला, फेंडर ठोकून सरळ, दोन पॅनलला रंग. समजा ११,०००.

शोरूमच्या बिलाशी तुलना केली तर क्लेम पाच हजारांनी स्वस्त दिसतो. मेस्त्रीच्या दराशी केली तर सात हजारांनी महाग. तेव्हा आधी स्वतःला खरं विचारा : क्लेम नसता तर गाडी कुठं लावली असती? नऊ वर्षांच्या गाडीचा बंपर शोरूममध्ये बदलणारी माणसं मराठवाड्यात थोडीच सापडतील. तुम्ही त्यांतले नसाल तर २३ हजारांचं एस्टिमेट हा तुमच्या कामाचा आकडाच नाही. तुलना ११ हजारांशी करा.

शून्य बोनसवाल्यासाठी हेच : ७९०० अधिक ४१३०, एकूण १२,०३०. मेस्त्रीच्या ११ हजारांच्या अगदी जवळ. एवढ्या फरकासाठी मी कंपनीचे ओरिजिनल पार्ट आणि रंगाची वॉरंटी घेईन आणि क्लेम टाकेन. कुणी म्हणेल चार चकरा कोण मारणार. तेही बरोबर आहे. किनवट किंवा भूमहून कॅशलेस गॅरेजसाठी (जिथं कंपनी आपला वाटा थेट गॅरेजला भरते) जिल्ह्याच्या गावाला गाडी न्यायची, आठ-दहा दिवस तिथं ठेवायची, परत आणायला जायचं, याचं डिझेल आणि बुडालेली मजुरी तुमच्या आकड्यात धराच.

मार मोठा असला की एवढं मोजायची गरज पडत नाही. रेडिएटर, कंडेन्सर, क्रॉस मेंबर, एअरबॅग यांतलं काही गेलं, बिल पन्नास हजारांच्या पुढं चाललं, की बोनस विसरा आणि क्लेम टाका. उलट आरसा तुटला, दाराला ओरखडा आला, मागचा बंपर चेपला, तर कंपनीला फोनही करू नका. निर्णय अडतो तो साधारण आठ हजार ते तीसेक हजारांच्या मधल्या बिलांवर, आणि वरची सगळी आकडेमोड त्यांच्यासाठीच आहे.

आणखी एक बारकावा. या पॉलिसी वर्षात तुम्ही आधीच एक क्लेम घेतला असेल, तर बोनस गेलेलाच आहे. दुसऱ्या क्लेमनं तो आणखी जात नाही. अशा वेळी एरवी सोडून दिलेला मध्यम मारही क्लेममध्ये बसवणं परवडतं. फक्त प्रत्येक अपघाताचा क्लेम वेगळा आणि कपातही वेगळी. पुढं मार बसलाय त्यातच मागचा जुना पोचा घालू, असं गॅरेजवाला म्हणाला तर सर्व्हेअरला गंज आणि धूळ बघून कळतं की तो पोचा दिवाळीच्या आधीचा आहे.

गारा, काच आणि पुराचं पाणी

गारपीट नैसर्गिक आपत्तीत येते, ओन डॅमेज असेल तर ती कव्हर आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यात जशी गारपीट झाली तशी झाली, तर बोनेट, टप, दारं सगळ्यांवर खळगे पडतात आणि काच फुटते. टप बदलणं हे खर्चाचं आणि कटकटीचं काम, तेव्हा इथं क्लेमकडं झुकावं. फक्त बारीक खळगे असतील आणि रंग उडाला नसेल, तर रंग न लावता आतून दाबून खळगे काढणारे कारागीर मोठ्या शहरात असतात. आधी त्यांचा भाव विचारा.

नुसती पुढची काच फुटली असेल तर गंमत होते. काचेवर घसारा नाही म्हणून कंपनी जवळपास पूर्ण देते, आणि लोक खुशीनं क्लेम घेतात. पण तुमची बोनस संरक्षणाची जोड नसेल तर चार-पाच हजारांच्या काचेपायी दहा हजारांचा बोनस जातो. जुन्या छोट्या गाडीची काच बाहेरून बसवून घ्या.

पाण्याचं मात्र वेगळं. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडं जी अतिवृष्टी झाली, तशा वेळी गाडी उभ्या-उभ्या पाण्यात बुडते. पाणी ओसरल्यावर माणूस पहिलं काम करतो ते चावी फिरवून बघण्याचं. तेच करायचं नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, एंजिन जाम होतं. साध्या पॉलिसीत पुरानं भिजलेलं वायरिंग, सीट, साफसफाई हे येतं. चावी फिरवल्यामुळं गेलेलं एंजिन येत नाही. त्यासाठी एंजिन संरक्षणाची वेगळी जोड लागते आणि जुन्या गाडीला ती क्वचितच मिळते. बॅटरीची वायर काढा, पाणी कुठपर्यंत चढलं होतं त्या खुणेचा फोटो घ्या, कंपनीला कळवा आणि गाडी उचलूनच न्या.

तलाठी पंचनाम्याला येतात ते पिकाचं, घराचं, जनावरांचं नुकसान लिहायला. गाडीसाठी त्यांची वाट बघत बसू नका. तिथं कंपनीचा सर्व्हेअरच लागतो.

बुडालेल्या जुन्या गाडीत क्लेम टाकायचा की नाही हा प्रश्नच नाही. डॅशबोर्डपर्यंत पाणी गेलं असेल तर मेस्त्री "वाळवून देतो" म्हणेल. वाळतेही. मग सहा महिन्यांनी एकेक सेन्सर, एकेक कनेक्टर हिरवा पडायला लागतो.

गाडी 'टोटल'मध्ये गेली तर

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी ती गाडी दुरुस्तीला नालायक धरते. यालाच गाडी टोटल झाली म्हणतात. आपल्या उदाहरणात ही रेघ १ लाख ८० हजारांवर येते. आयडीव्ही खाली धरून प्रीमियम वाचवलेला असतो तो इथं अंगावर येतो : दीड लाखाच्या आयडीव्हीवर सव्वा लाखाच्याही आत गाडी टोटल होते, आणि बाजारात अडीच लाखांना जाणाऱ्या गाडीचे दीडच लाख हातात पडतात.

टोटलमध्ये दोन वाटा असतात. गाडी कंपनीच्या खरेदीदाराला देऊन आयडीव्हीची रक्कम (कपात वजा) घ्यायची, किंवा भंगाराची किंमत वजा करून उरलेले पैसे घेऊन गाडी स्वतःकडं ठेवायची. मेस्त्री घरचा असेल आणि चासीला मार नसेल तर दुसरी वाट कधी कधी फायद्याची ठरते. पहिली निवडलीत तर भंगार घेणारा आरटीओत गाडी स्वतःच्या नावावर करून घेतो की नाही याचा कागद हातात घेतल्याशिवाय चावी सोडू नका. तुमच्या नावावरची गाडी उद्या कुठल्या गुन्ह्यात सापडली तर नोटीस तुमच्या दारात येते. गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडं जातात.

मेस्त्रीकडं लावायचं ठरलं तर

दोन ठिकाणी भाव विचारा, आणि भाव तोंडी नको, कागदावर घ्या : कुठला पार्ट नवा, कुठला जुना, कुठला आहे तोच. जुन्या पार्टसाठी मेस्त्री पुण्याला किंवा हैदराबादला फोन लावतो. पार्ट आला की बसवण्याआधी तुम्ही एकदा बघून घ्या. जुना हेडलाईट, जुना दरवाजा, जुना बंपर चालतो. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शनचे जुने पार्ट कधीच घेऊ नका. एअरबॅग उघडली असेल तर तिथं देशी जुगाड नाही.

पत्रा सरळ करताना डेंटरनं कमी ठोकलं आणि पुटी जास्त भरली की रंगाच्या दिवशी गाडी आरशासारखी दिसते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा जाड पुटी तडकते. रंग व्हायच्या आधी एकदा जाऊन बघा, आणि झाल्यावर पातळ कापडात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक त्या जागी लावून बघा. चिकटत नसेल तर खाली पत्र्यापेक्षा पुटी जास्त आहे. रंगाचा कोड दाराच्या चौकटीवर किंवा बोनेटखाली चिटकवलेला असतो. तो मेस्त्रीला द्या. रंग उघड्यावर, धुळीच्या वाऱ्यात मारू देऊ नका.

पुढून जोरात धडक असेल तर डेंटिंग झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या. मोकळ्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर चासी किंवा सस्पेन्शन वाकलंय, रंग कितीही चांगला असला तरी.

बिल मात्र जरूर घ्या आणि दुरुस्तीनंतरचे फोटो ठेवा. वर्षभरानं त्याच जागी पुन्हा मार बसला आणि तेव्हा क्लेम टाकायचा ठरला, तर हेच फोटो दाखवतील की आधीचं काम पूर्ण झालं होतं. मार तसाच ठेवून फिरलात तर पुढच्या सर्व्हेत तो भाग 'जुनं नुकसान' म्हणून वगळला जातो.

क्लेम टाकायचा ठरला तर

कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर किंवा ॲपवर शक्यतो त्याच दिवशी कळवा. उशीर झालाच, तर फक्त तेवढ्याच कारणानं खरा क्लेम नाकारू नये असं विमा नियामकानं २०११ मध्येच कंपन्यांना कळवलेलं आहे. उशिराचं कारण लेखी द्या. क्लेम नंबर पडला, सर्व्हे झाला आणि मग तुम्हाला वाटलं की हे परवडत नाही, तर पैसे घेण्याआधी ईमेलनं क्लेम मागे घ्या आणि तसं उत्तर मागून ठेवा. पैसे घेतलेले नसले तर बोनस सहसा राहतो. नूतनीकरणाच्या कागदावर तो दिसतोय ना, ते तपासा.

आरसी, लायसन्स, पॉलिसी, भरलेला क्लेम फॉर्म आणि एस्टिमेट एवढं लागतं. चोरी, आग, कुणाला इजा, मोठा अपघात असेल तर पोलिसांचा कागदही. पन्नास हजारांच्या आतल्या क्लेमला हल्ली बऱ्याचदा मोबाईलवर लिंक येते आणि तुम्हीच गाडी फिरून व्हिडिओ दाखवायचा असतो. गॅरेजच्या शेडमध्ये रेंज नसेल तर गाडी आधी बाहेर काढून ठेवा. त्यावरच्या रकमेला परवानाधारक सर्व्हेअर येतो. २०२४ च्या नियमांप्रमाणं सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीनं निर्णय कळवायचा असतो.

सर्व्हेअर आला की तिथं हजर राहा. "हा पार्ट रिपेअर होईल, बदलायची गरज नाही" असं तो म्हणाला तर मेस्त्रीला समोर बोलवा, कारण उघडल्यावर आतला ब्रॅकेट तुटलेला निघतो. उघडल्यावर सापडलेल्या नुकसानीसाठी पुन्हा सर्व्हे मागता येतो, पण तो भाग बदलण्याआधी. जुने पार्ट काम संपेपर्यंत टाकू नका. कॅशलेस नसेल तर जीएसटीचं पक्कं बिल घ्या. आणि मंजुरीच्या पत्रात कुठल्या पार्टवर किती कापलं ते ओळीओळीनं वाचा. पत्र्याला प्लास्टिकचा घसारा लावल्याची चूक होते, आणि दाखवून दिली तर दुरुस्तही होते.

क्लेम घेतल्यानंतर कंपनी बदलणार असाल तर नव्या कंपनीला तो क्लेम सांगा. बोनस लपवून घेतला आणि पुढं कधी मोठा अपघात झाला तर तेव्हाचा क्लेम अडकतो.

कंपनीनं क्लेम नाकारला किंवा फार कापला, तर आधी कंपनीच्याच तक्रार विभागाला लिहा. नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडं जा. मराठवाडा पुण्याच्या कार्यालयात येतो. अर्जाला फी नाही आणि वकील लावावा लागत नाही, पण कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.